आठवं हेल्मेट

भूमचं नाव काढलं की लोकांना खवा आठवतो. आमच्या तालुक्यात म्हशी भरपूर, खव्याच्या भट्ट्या भरपूर आणि कुंथलगिरीच्या पेढ्याचा डबा घेतल्याशिवाय पाहुणा परत जात नाही. अशा गावात राहून एखाद्याने जुनी लष्करी हेल्मेटं जमवावीत, आणि त्यातही इस्रायली, हे लोकांना पटणं कठीणच. "गुरुजी, गाडीवर एक घालत नाही आणि घरात सात ठेवता?" हा विनोद मी आजवर किती वेळा ऐकला असेल याची मोजदाद नाही. (गाडीवर मी हेल्मेट घालतो. पण विनोदाला पुराव्याची गरज नसते.)

घरच्यांचं म्हणणं वेगळं. आमच्या सौ.चा आक्षेप धुळीला आहे आणि तो रास्त आहे. मुलगी लहान असताना मैत्रिणींना सांगायची, "आमच्या बाबांकडे सैनिकांची डोकी आहेत." त्या मैत्रिणी पुढे बरेच दिवस आमच्या घरी यायला घाबरायच्या म्हणे.

तर मंडळी, आज या छंदाबद्दल जरा सविस्तर लिहितो. बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं. मधे एक गोष्ट घडली आणि लिहिणं टाळता येईना.

आमच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर, ओव्हरऑईलिंग, भाड्याने सायकली, तासाला चार आणे. दुकानात कुठलीही वस्तू वाया जात नसे, आणि सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे फाटकी ट्यूब. तिच्या पट्ट्या कापून कॅरिअरला बांधायच्या, त्याच पट्ट्या दुधाच्या कॅनला, पाण्याच्या मोटारीच्या जोडाला, पोरांच्या गलोलीला. मी शिक्षक झालो तरी माझ्या हाताला ट्यूबच्या रबराची ओळख राहिली. डोळे मिटून सांगू शकतो की हे ट्यूबचं रबर आहे की दुसरं कुठलं.

साधारण २००९ मध्ये पुण्याच्या एका कंपनीतला माझा शाळासोबती कामासाठी तेल अवीवला गेला होता. त्याला ठाऊक होतं की मी मुंबईच्या चोरबाजारातून दोन जुनी ब्रिटिश हेल्मेटं आणलीत. तिथे जवळच याफोला जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. त्यातून त्याने मला एक हेल्मेट आणलं. घरी येऊन पिशवीतून काढलं, तेव्हा माझी नजर पोलादावर गेलीच नाही. हेल्मेटवर बारीक जाळी ताणलेली होती आणि ती जाळी निसटू नये म्हणून भोवती एक काळी रबरी पट्टी होती. मी बोट लावलं. ट्यूब! गाडीच्या चाकाची ट्यूब आडवी कापली की जशी गोल पट्टी निघते, तशीच. कडा जराशी वाकडी, म्हणजे कात्री एका दमात चाललेली नाही.

कुठल्यातरी वाळवंटात बसलेल्या कुठल्यातरी शिपायाने माझ्या वडिलांसारखीच ट्यूब कापली होती. त्या दिवसापासून मी इस्रायली हेल्मेटांच्या मागे लागलो. राजकारण, धर्म, युद्धाचं आकर्षण यातलं काहीही त्यामागे नव्हतं. ती पट्टी होती.

आता थोडं हेल्मेटांबद्दल.

पहिलं महायुद्ध १९१४ मध्ये सुरू झालं तेव्हा बहुतेक सैन्यांच्या डोक्यावर कापड किंवा चामडं होतं. आपले हिंदी शिपाई फ्रान्सच्या चिखलात पागोटं बांधूनच उतरले. खंदकात बसलेल्या माणसाला मुख्य भीती वरून फुटणाऱ्या तोफगोळ्याच्या तुकड्यांची, हे कळल्यावर १९१५ मध्ये लंडनच्या जॉन ब्रॉडी याने पोलादाच्या एकाच पत्र्यातून दाबून काढलेलं उथळ, रुंद कडेचं हेल्मेट केलं. ताटली पालथी घातल्यासारखं दिसतं ते. आकार विनोदी वाटला तरी हिशोब पक्का होता: वरून पडणारं वर झेलायचं आणि पत्रा असा हवा की एका दणक्यात काढता यावा. त्याचीच सुधारलेली आवृत्ती, मार्क दोन, दुसऱ्या महायुद्धात हिंदी पलटणींच्या डोक्यावर होती. इटलीत लढलेल्या आपल्या मराठा पलटणींचे फोटो पाहिलेत तर हीच ताटली दिसेल.

अमेरिकेने १९४१ मध्ये वेगळा विचार केला. त्यांच्या एम-वन हेल्मेटचे दोन भाग होते. वरचं पोलादी भांडं वेगळं आणि आतली हलकी टोपी, म्हणजे लायनर, वेगळी. डोक्याच्या मापाच्या पट्ट्या सगळ्या लायनरला. वरचं भांडं काढलं की त्यात दाढीचं पाणी घ्या, कपडे भिजवा, माती उपसा. दुसऱ्या महायुद्धात अशी दोन कोटींच्या वर हेल्मेटं निघाली आणि युद्ध संपल्यावर ती जगभर पसरली.

इस्रायल १९४८ मध्ये जन्मला तो युद्धातच. तेव्हाच्या फोटोंत कित्येक पोरांच्या डोक्यावर लोकरीची विणलेली टोपी आहे, कारण हेल्मेटंच पुरेशी नव्हती. जी होती ती मिळेल तिथून आणलेली, बरीचशी ब्रिटिशांची ताटली. पुढे छत्रीधारी सैनिकांकडे कडा नसलेलं ब्रिटिश पद्धतीचं हेल्मेट आलं, इतरांकडे अमेरिकी एम-वन. म्हणजे या देशाच्या सैन्याने पहिली पंचवीसेक वर्षं दुसऱ्यांची टाकलेली हेल्मेटं घातली.

आणि इथेच माझ्यासारख्याला मजा येते. टाकलेली वस्तू वापरायची म्हणजे ती आपल्या डोक्याला बसती करून घेणं आलं. एम-वनचा हनुवटीचा पट्टा हा जगभरच्या शिपायांच्या तक्रारीचा विषय होता. दोन बाजूंनी येऊन गळ्याखाली अडकणारा एकच पट्टा. पळताना हेल्मेट नाकावर येतं, आणि जवळ स्फोट झाला तर पट्ट्याने मानेला हिसका बसेल या भीतीने अनेक जण तो लावतच नसत. माझ्याकडच्या इस्रायली एम-वनचा मूळ पट्टा कापून टाकलाय आणि त्या जागी हनुवटीला धरून ठेवणारा, छत्रीधारींच्या पट्ट्यासारखा पट्टा शिवलाय. शिवण हाताची आहे. एका बाजूला टाके बारीक, दुसऱ्या बाजूला भराभर घातलेले. पोलादाची चमक दिसू नये म्हणून रंग खरखरीत केलाय, त्यावर जाळी आणि जाळीवर ट्यूब. ट्यूबच्या पट्टीत झाडाची डहाळी खोचता येते, फडकं खोचता येतं. आतल्या पट्टीवर हिब्रू अक्षरांचा पुसट शिक्का आहे. वस्तू अमेरिकेची, युद्ध मध्यपूर्वेचं आणि शिवण कुणाची ते देव जाणे.

१९७३ च्या ऑक्टोबरमधल्या युद्धानंतर त्यांनी स्वतःचं हेल्मेट वापरात आणलं. ऑरलाईट नावाच्या तिथल्याच कंपनीचं, ओआर-२०१. पोलाद नाही, तंतू आणि राळ यांचे थर दाबून केलेलं. माझ्याकडे याची दोन आहेत. हातात घेतलं की पहिल्यांदा फसवणूक झाल्यासारखं वाटतं, इतका आवाज वेगळा येतो. टिचकी मारली तर पोलाद घुमतं, हे नुसतं ठक् करतं. त्यातल्या एकावर ढगळ, आकार नसलेला कापडी खोळ आहे. त्याला ते 'मित्झनेफेत' म्हणतात. मूळ शब्द जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरातल्या मुख्य पुरोहिताच्या फेट्याचा. हेल्मेटची गोल कड लांबूनही ओळखू येते, म्हणून ती मोडायला हा फेटा. एका बाजूने हिरवट, उलटा केला की वाळूच्या रंगाचा. त्यातला एखादा जवान बघितला तर डोक्यावर पोळी वाळत घातल्यासारखं दिसतं. पण निसर्गात गोल गरगरीत काही नसतं, हे जाणणाऱ्याने ती कल्पना काढली.

हेल्मेटं जमवणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, वस्तू कारखान्यातून निघाली तशी करा. गंज काढा, मूळ रंग द्या, मूळ पट्टा मिळवून लावा. दुसरा म्हणतो, हात लावू नका. मी दुसऱ्या पंथाचा. ट्यूबची पट्टी काढून टाकली तर माझ्याकडे उरेल ते कोटींमधलं एक भांडं. पुण्याच्या केलकर संग्रहालयात गेलात तर हे लगेच पटतं. दिनकर केलकरांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, दारं, झारे गोळा केले. तिथली हाताने झिजलेली मूठ पाहिली की वापरणारी बाई समोर उभी राहते. नवा कोरा अडकित्ता काचेत ठेवून कोण बघेल?

शिवाय बदल हा त्या सैन्याचा स्वभावच दिसतो. ब्रिटिश सेंच्युरियन रणगाडा आपल्याकडेही होता, १९६५ आणि १९७१ मध्ये लढला. तोच इस्रायलने घेतला आणि त्याचं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं, तोफ बदलली, नावही बदललं. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय आम्हाला एका दिवसात जाऊन येण्यासारखं. तिथे शाळेची सहल नेली की मी पोरांना एकच काम सांगतो: कारखान्याने केलेलं सोडा, नंतर कुणी काय जोडलंय ते शोधा. पोरं झपाटून शोधतात. नंतर मारलेला जोड, वरून ठोकलेला खिळा, रंगाखालचा रंग.

दुसरं ओआर-२०१ मला कसं मिळालं ते सांगतो, कारण त्यात आपली माणसं येतात. ठाण्याला माझे एक नातेवाईक राहतात, त्यांच्या शेजारी एक बेने इस्रायली कुटुंब. कोकणातले हे ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनवार तेली'. आडनावं गावावरून, भाषा मराठी, सणाला पुरणपोळी. १९४८ नंतर त्यांच्यातले बरेच जण इस्रायलला गेले. दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत मराठी बोलणारी माणसं आजही आहेत आणि 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथे निघत आलेलं आहे. त्या कुटुंबाचे एक काका अश्दोदला असत. हेल्मेट त्यांनीच पाठवलं. मी आभाराचा फोन केला तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला, "काय म्हणतोय तुमच्याकडचा पाऊस?" मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. पण विचारला, आणि आम्ही अर्धा तास पावसावर बोललो.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली ती माझ्या मनात रुतून बसली. तिथे सैन्यसेवा सक्तीची आणि नंतरही कित्येक वर्षं राखीव सैन्यात हजेरी लावावी लागते. दर वेळी गोदामातून सामान घ्यायचं, काम संपलं की परत जमा करायचं. "आपलं हेल्मेट आपल्याला परत कधीच मिळायचं नाही," काका म्हणाले. "माझ्या हनुवटीखाली यायचा तो पट्टा दुसऱ्याच कुणीतरी आपल्या हनुवटीसाठी ओढून घेतलेला. मी तो सैल करायचो. माझ्यानंतर येणारा परत घट्ट करत असेल."

मी आजवर समजत होतो की प्रत्येक शिवण म्हणजे एकेका माणसाची सही. इथे तर एकाच हेल्मेटवर दहा जणांचे हात होते, एकमेकांना न पाहिलेले. मला ते जास्तच आवडलं. शाळेतल्या बाकासारखं झालं हे.

आता त्या घडलेल्या गोष्टीकडे येतो.

आमचा भाग साताऱ्यासारखा फौजी नाही. पण भूम तालुक्यातही बालाघाटच्या कडेकपारीतल्या गावांत एखाद-दुसरं घर असतंच. अशाच एका गावात माझा एक माजी विद्यार्थी राहतो. तो एकदा म्हणाला, "सर, आमच्या आजोबांचं एक निळं हेल्मेट घरी आहे. कोंबडी बसवलीय त्यात."

मी त्याच रविवारी गेलो. परसात खुराड्याला लागून, सावलीत, एक निळी टोपी पालथीची उताणी ठेवलेली. आत पाचटाचा थर आणि त्यावर खुडूक कोंबडी. मी वाकलो तशी तिने पिसं फुलवून मला धमकावलं. आजींनी तिला अलगद उचलली. खाली अकरा अंडी होती आणि पाचटाखाली एम-वनचा लायनर. निळा रंग कडेला उडालेला, त्याखाली मूळचा हिरवा.

मला ते हेल्मेट काय आहे ते कळायला वेळ लागला नाही. १९५६ मध्ये सुएझच्या लढाईनंतर संयुक्त राष्ट्रांनी इजिप्त आणि इस्रायल यांच्यामध्ये आपलं सैन्य उभं केलं. दहा देशांचे जवान, त्यात भारत पहिल्यापासून. सगळ्यांचे गणवेश वेगळे, मग लांबून ओळखायचं कसं? निळ्या टोप्या शिवायला वेळ लागणार होता. म्हणून अमेरिकी सैन्याचे शिल्लक लायनर गोळा केले आणि त्यांना निळा रंग फवारला. आज जगभर 'निळी शिरस्त्राणं' म्हणजे शांतिसेना असं आपण म्हणतो, त्याची सुरुवात ही अशी उसनवारीची. हेल्मेटांच्या इतिहासातला यापेक्षा मोठा 'बदल' मला माहीत नाही. पोलाद काढून टाकलं आणि रंग लावला.

आजोबा साठच्या दशकात गाझाला होते. सीमेवरच्या चौकीत बसायचे, दोन्ही बाजूंना दुर्बिणीतून बघायचे. आजी सांगत होत्या, "पत्रात लिवायचे, हितं संत्री लई हायेत. बंदूक हाय पर कुणावर झाडायची न्हाई म्हणून सांगितलंय." मुदत संपवून ते परत आले. पुढे १९६७ च्या मे महिन्यात इजिप्तने ते सैन्य काढून घ्यायला लावलं आणि सामान आवरून निघायच्या आत ५ जूनला युद्ध पेटलं. त्यात गाझामध्ये अडकलेले डझनाहून अधिक भारतीय जवान मारले गेले. आजोबांच्या ओळखीचं त्यात कुणी होतं की नाही हे त्यांनी घरी कधी बोलून दाखवलं नाही. फक्त ती निळी टोपी आधी देवघराच्या फळीवर असायची, ती त्या जूननंतर त्यांनी खाली काढली आणि दाणे मोजायला दिली. दाण्यांवरून ती कोंबडीकडे गेली.

मी टोपीचं माप घेतलं, फोटो काढले. आतल्या पट्टीवर आजोबांनी सुईदोऱ्याने आपलं नाव टाचलेलं, देवनागरीत. काळा दोरा. मग मी विचारलं, "आजी, ही मला द्याल का? बदल्यात कोंबडीला चांगलं घमेलं आणून देतो."

आजींनी उत्तर दिलं नाही. उलट विचारलं, "गुरुजी, तुमाला ह्यातलं कळतंय. मला एक सांगा. ह्यानं गोळी अडती का हो?"

माझ्यामागे माझा विद्यार्थी उभा होता. तो रोज पहाटे रस्त्यावर धावतो. अग्निवीर भरतीची तयारी. २०२२ पासून ही चार वर्षांची भरती आहे, त्यातल्या चौथ्या हिश्श्याला पुढे कायम व्हायची संधी. आजींचा प्रश्न फळीवरच्या टोपीबद्दल नव्हता, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

मी म्हणालो, "नाही आजी. हा नुसता फायबरचा डबा आहे. यावर पोलादी भांडं असायचं, त्यानेही बंदुकीची गोळी सरळ आली तर अडायची नाही. तुकडे अडायचे, दगडधोंडे अडायचे. बॉम्बच्या तुकड्यांनीच जास्त माणसं जायची, म्हणून त्याचा उपयोग."

"मग हे म्हणायचे की निळं असलं की कुणी मारत न्हाई."

"रंगावर भरवसा होता तो."

"आन् आत्ताचं?"

आत्ताचं चांगलं आहे, हे मी सांगितलं आणि ते खरं आहे. आपल्या पायदळाकडे बरीच वर्षं जड, जुनी हेल्मेटं होती, बरेच जवान कपाळापुढे आणि मागे पोलादाचा तुकडा धरणारा 'पटका' बांधून काश्मिरात फिरत. तोही एक घरगुती बदलच, आणि पागोट्यावरून बांधता येणारा. मग २०१६ मध्ये कानपूरच्या कंपनीला दीड लाखाहून जास्त नव्या हेल्मेटांचं काम दिलं गेलं. ती जवळून आलेली पिस्तुलाची गोळी झेलू शकतात. रायफलीच्या गोळीची गोष्ट वेगळी. हेही सांगितलं. अर्धवट सांगून मला तिथून उठता आलं नसतं.

आजी बराच वेळ अंड्यांकडे बघत होत्या. मग नातवाला म्हणाल्या, "ऐकलंस ना? आता पळायचं तर पळ." त्यात परवानगी होती की तक्रार, मला अजून ठरवता आलेलं नाही. मग त्यांनी कोंबडी परत टोपीत ठेवली. ती फिरली, दोनदा पाय रोवले आणि बसली. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं. मी पुन्हा विचारलं नाही.

हे सगळं झालं २०२३ च्या पावसाळ्यात. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांतच ७ ऑक्टोबर उजाडला. हमासचा हल्ला, मग गाझावरचे हल्ले. टीव्हीवर तीच पोळीसारखी ढगळ खोळ घातलेले जवान आणि पलीकडे ढिगाऱ्यातून उघड्या हातांनी माणसं काढणारे लोक. ज्यांच्या डोक्यावर काहीच नव्हतं त्यांचीच संख्या जास्त होती, लहान मुलं धरून.

तेव्हापासून गावात मला नवा प्रश्न विचारला जातो. पूर्वी लोक हसायचे, आता विचारतात, "गुरुजी, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?" एकाने शाबासकी दिली, म्हणाला, तुम्ही आपलेच. दुसऱ्याने चार दिवस बोलणं सोडलं. एका ओळखीच्याने ओआर-२०१ ला चांगली किंमत देऊ केली. त्याला ते दिवाणखान्यात लावायचं होतं, वर दोन झेंडे. मी दिलं नाही.

मी उत्तर काय देणार? अश्दोदचे काका आणि त्यांचा मराठी पाऊस माझ्या ओळखीचा आहे. रॉकेटच्या भोंग्याने तळघरात पळणारी त्यांची नातवंडंही मला फोनवरून माहीत आहेत. आणि गाझाची संत्रीही माझ्या ओळखीची आहेत, एका भूमच्या माणसाने पत्रात लिहिलेली. ज्या चौकीतून तो दोन्हीकडे बघत होता त्या चौकीला बाजू नव्हती. ती चौकी टिकली नाही हे खरं, पण म्हणून तिथे बसणं खोटं ठरत नाही.

जुनं हेल्मेट हातात घेऊन मला शूर वाटत नाही, कधी वाटलं नव्हतं. मला त्यात एक घाबरलेला माणूस दिसतो, जो आपलं डोकं वाचवायला हाताशी आहे त्याने काहीतरी करतोय. ट्यूब कापतोय, पट्टा शिवतोय, फडकं खोचतोय. कारखाना युद्धासाठी हेल्मेट करतो. तो शिपाई ते घरी परत जाण्यासाठी करतो. डेव्हिड रुबिंगरने १९६७ मध्ये जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी काढलेला तीन जवानांचा फोटो जगभर गाजला. विजयाचा फोटो म्हणून तो सगळीकडे लावतात. त्यात मधला जवान बोडका आहे, हेल्मेट त्याने काढून हातात धरलंय. मला त्या फोटोत तेवढंच दिसतं: एक माणूस, ज्याला वाटलं की आता हे काढलं तरी चालेल.

माझी एक वही आहे, दोनशे पानी, लाल कापडी पुठ्ठ्याची. प्रत्येक हेल्मेटला एक पान. वजन, माप, कुठून मिळालं, कुठले बदल, कुठल्या बाजूचे टाके बारीक. शेवटची ओळ असते 'कुणी घातलं'. सातही पानांवर ती ओळ रिकामी आहे आणि ती भरली जाणार नाही.

आठवं पान मी त्या रविवारी रात्री लिहिलं. निळा रंग, खाली हिरवा, आतल्या पट्टीवर काळ्या दोऱ्याने नाव. 'कुठे आहे' या ओळीपुढे आजींच्या परसाचा पत्ता. सध्याच्या वापराच्या रकान्यात अंड्यांची संख्या. आणि शेवटच्या ओळीवर, पहिल्यांदाच, एका माणसाचं पूर्ण नाव. ते इथे देत नाही, त्यांच्या घरचं आहे.

अकरापैकी नऊ पिल्लं निघाली, असं विद्यार्थ्याने नंतर कळवलं. तो अजून धावतो.